आण्णा, टॅपेट हायड्रॉलिकच घातले

ट्रॉय, मिशिगन
१९ जुलै

ती. आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून आई घाबरेल. तिला आधी सांगा, सगळे खुशाल आहोत, पोरांना सुट्ट्या लागल्यात. पत्र एवढ्यासाठीच की ही गोष्ट फोनवर काढली असती तर तुम्ही अर्ध्यातच फोन आईच्या हातात दिला असता. आण्णा, माझ्या जुन्या शेव्हरोले नोव्हाच्या इंजिनात कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे टॅपेट मी हायड्रॉलिक घातलेत, म्हणजे तेलानं फट आपोआप भरणारे, फट हातानं सेट करायचे तुमचे सॉलिड नव्हेत.

हो, तुम्ही तीनदा बजावलं होतं, 'सॉलिड घाल, बाकी सगळी थेरं.' आता निदान पत्र तरी शेवटपर्यंत वाचा.

मे महिन्यात 'इंजिन परत उघडलंय' एवढंच बोललो होतो. का उघडलं ते लपवलं. नवा कॅमशाफ्ट मीच खाल्ला. तेव्हा बसवले होते सपाट बुडाचे टॅपेट, हायड्रॉलिकच, पण रोलर नसलेले. (इथं टॅपेटला लिफ्टर म्हणतात, मी आपला टॅपेटच लिहितो.) ते नावालाच सपाट. बूड किंचित फुगीर असतं आणि लोबच्या, म्हणजे कॅमच्या उंचवट्याच्या, तोंडाला अगदी बारीक उतार असतो, त्यामुळं टॅपेट लोबवर घासत न बसता स्वतःभोवती फिरतो. तो फिरायला लागला की जन्मभर चालतो, आणि फिरला नाही की लोब खातो. म्हणून नवीन कॅम पहिल्यांदा चालू केला की वीस-तीस मिनिटं २००० आरपीएमच्या खाली आणायचाच नाही. या इंजिनात लोबना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या उडवणीचं. आयडलला ते पुरत नाही.

आणि मी काय केलं? पाचव्या मिनिटाला रेडिएटरचा पाईप गळायला लागला. घाबरून आयडलला आणलं, वाकून बघत बसलो, मग बंद केलं. पाईपची क्लिप मीच नीट आवळली नव्हती. पुढच्या आठवड्यात एक सिलिंडर मिस मारायला लागला. ऑईल फिल्टर कापला तर आत चांदीच्या वर्खासारखा चुरा. डायल गेज लावून मोजलं तर दोन लोब निम्म्यावर आलेले. तुम्ही उद्यमनगरात एखाद्या पोराला असं करताना पकडलं असतं तर त्याला दिवसभर नुसता पाना पुसायला बसवलं असतं.

त्यात तेलाचीही भानगड आहे. जुन्या तेलात जस्त-फॉस्फरसचं जे रसायन भरपूर असायचं, ते नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मानवत नाही म्हणून कमी करत आणलंय. सपाट टॅपेटला नेमकं तेच लागतं. मी शोधून जुन्या गाड्यांचं तेल घातलं होतं, तेव्हा खापर तेलावर फोडता येत नाही. फोडलं असतं, खरं सांगतो.

मग आता काय घालायचं, हा प्रश्न महिनाभर डोक्यात. शेजारच्या म्हातारबाबांचं तुम्हाला सांगितलंय ना, सगळी हयात मोटारीच्या कारखान्यात गेली. त्यांच्याकडं १९६९ ची कॅमॅरो झेड-२८ आहे. तिचं ३०२ घनइंचांचं इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीत पाच लिटरची मर्यादा होती म्हणून मुद्दाम तेवढं केलेलं. बोअर चार इंच, स्ट्रोक तीन इंच. एवढा आखूड स्ट्रोक म्हटल्यावर ते गरगरणारच. कंपनी कागदावर २९० हॉर्सपॉवर लिहायची आणि वाचणारे हसायचे. त्यात सॉलिड टॅपेट आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह या इंजिनिअरच्या नावानं ओळखला जाणारा 'थर्टी-थर्टी' कॅम. थर्टी-थर्टी का, तर इनटेकला ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग तो एक थाऊ) फट, एक्झॉस्टला ३० थाऊ फट, इंजिन गरम असताना.

मीही तुमच्यासारखाच म्हणालो, एवढी? पाऊण मिलिमीटर! मग त्यांनी समजावलं. त्या कॅमच्या लोबला सुरुवातीला आणि शेवटी लांबलचक मंद चढ-उतार घासलेला आहे. फट त्या चढातच हळूच संपते, म्हणजे टॅपेटचा दणका बसत नाही. अशा कॅमवर हायड्रॉलिक टॅपेट ठेवला तर तो तो चढही खरा धरतो, व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा बंद होतो आणि इंजिन आयडललाच लंगडतं. कॅम एकाचा आणि टॅपेट दुसऱ्याचा, हे चालत नाही.

मागच्या रविवारी त्यांच्या गाडीचे टॅपेट मी सेट केले. त्यांची नजर आता अधू झालीय. तुम्ही विमानतळावर खिशात घातलेला, फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज काढला. त्यात ३० चं पातं नाही, म्हणून १८ आणि १२ जोडून घेतली. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक धरायचा, इनटेक मिटत आला की एक्झॉस्ट. गरम इंजिनावर सोळा व्हॉल्व्ह, बोटं भाजून घेतली. पण चालू केल्यावर जो आवाज आला आण्णा! शिलाईच्या आठ मशिनी एका तालात. जीपचे टॅपेट तुम्ही सेट केल्यावर यायचा तसाच, फक्त आठपट. त्या क्षणी मीही सॉलिडच घेणार होतो.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. फट बोलते. एका व्हॉल्व्हची फट वाढत चालली तर लोब नाहीतर रॉकर झिजतोय, कमी होत चालली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय. गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही गिऱ्हाइकांच्या जीपचे आकडे खडूनं लिहून ठेवायचा, आणि पुढच्या खेपेला गाडी उघडायच्या आधी आकडा बघायचा. हायड्रॉलिक टॅपेट ही बातमीच दाबून ठेवतो. त्याच्या पोटात छोटा प्लंजर, खाली एकाच दिशेनं तेल सोडणारा व्हॉल्व्ह. जेवढी फट पडेल तेवढं तेल आत घेऊन तो ती भरून काढतो. माझे दोन लोब निम्मे होईपर्यंत तोच सांभाळून घेत राहिला. सॉलिड असते तर दुसऱ्या दिवशीच खडखडले असते. हे मी मान्य करतो, आणि यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात.

पण दुसरी बाजू ऐका. सॉलिड कशासाठी घालतात? वरच्या आरपीएमसाठी. खूप वेगात स्प्रिंग कमी पडली की टॅपेट आणि लोब यांची क्षणभर ताटातूट होते. हायड्रॉलिकला वाटतं फट पडली, तो तेल पिऊन फुगतो आणि मग व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही, कॉम्प्रेशन जातं. साधारण ६००० च्या पुढं हे दुखणं सुरू होतं. म्हातारबाबा म्हणतात, लोक टॅपेटला शिव्या घालतात, खरा चोर स्प्रिंग असते. ते काही असो, माझी गाडी १९७२ ची नोव्हा, ३५० घनइंचांचं इंजिन, आत साधे ओतीव पिस्टन. ५५०० च्या पुढं मी ती नेणार नाही, आणि नेली तर टॅपेटआधी दुसरंच काहीतरी बाहेर येईल. जिथं जायचंच नाही तिथल्या रस्त्याची तयारी कशाला?

शेव्हरोलेनं स्वतः काय केलं तेही बघा. १९७२ च्या झेड-२८ ला सॉलिड टॅपेट, २५५ हॉर्सपॉवर. १९७३ ला हायड्रॉलिक केले, २४५. फरक दहाचा. आणि त्याच वर्षी त्या गाडीला पहिल्यांदा एसी घेता यायला लागला, कारण इंजिन आता तेवढं वर फिरत नव्हतं. दहा घोडे देऊन गार हवा. तुमची सून म्हणाली, यात विचार करण्यासारखं काय आहे?

तिचंही एक ऐकायला हवं. गाडी तीही चालवणार. थंडीत पाच महिने ती झाकूनच असते, उरलेल्या दिवसांतले रविवार मी रॉकर कव्हर उघडून बसलो तर पोरांना बाप दिसणार कधी? तुम्ही बसायचा, पण तो तुमचा धंदा होता, आणि आम्ही पोरं शेजारीच नटबोल्ट रॉकेलमध्ये धूत असायचो. इथं मी दिवसभर ऑफिसात असतो.

म्हणून या खेपेला हायड्रॉलिक, पण रोलर. बुडाला चाक असतं, त्यामुळं घासणं नाही, वीस मिनिटांचं ते दिव्य नाही, तेलाचे नखरे नाहीत. शेव्हरोलेनं हे स्मॉल-ब्लॉकला (माझं ३५० त्याच घराण्यातलं) कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली १९८७ ला. माझ्या जुन्या ब्लॉकला ती सोय नाही, म्हणून दोन-दोन टॅपेट पट्टीनं जोडलेले येतात ते घेतले, नाहीतर चाक तिरकं फिरेल. टॅपेट उंच म्हणून त्याच्यापासून रॉकरपर्यंत जाणारा पुशरॉड आखूड. आणि सपाट टॅपेटच्या लोबचा तो उतार कॅमला मागं ढकलून धरतो, रोलरला उतार नाही, म्हणून कॅमच्या तोंडाशी एक बटण बसवावं लागतं, नाहीतर कॅम पुढं सरकतो. किती पैसे गेले ते विचारू नका, आईला तर अजिबात सांगू नका.

२००९ ची नवी बुलेट हायड्रॉलिक टॅपेट घेऊन आली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, 'घ्या, आता टॅपेटचं गिऱ्हाईकही गेलं.' आणि २०२० च्या रॉयल एनफिल्ड मिटिऑरला परत पान्यानं सेट करायचे आले तेव्हा मला फोन करून पेढे मागितले होते. ते पेढे अजून माझ्याकडं लागू आहेत, माहीत आहे.

काल रात्री शेवटचं काम केलं. हायड्रॉलिकलाही एकदा हातानं सेट करावं लागतंच. रॉकरचा नट आवळत जायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पुशरॉड धरायचा. जुन्या बुलेटचं बाजूचं कव्हर काढून तुम्ही मला जे शिकवलं, अगदी तेच. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. तेव्हा मी आठवीत होतो आणि तुम्ही माझी बोटं धरून ते दाखवलं होतं. काल सोळाही वेळा बोटांना तो बिंदू बरोबर कळला. तुमचा पाना तिथंच थांबायचा. मी पुढं अर्धा फेरा दिला, नट साधारण २१ थाऊ खाली, त्यानं प्लंजर आत दबून राहतो.

शनिवारी इंजिन चालू करणार. तुमच्याकडं रात्र असेल, पण जागे राहा. फोन रॉकर कव्हरजवळ धरतो. टॅपेट वाजलेच तर तुम्ही म्हणाल ते खरं.

आईला नमस्कार. ताईला सांगा, भाचरांचे बूट पाठवले आहेत.

तुमचा,
धाकटा