सोन्याबरोबर राडारोडाही मोजा

संपादक महोदय,

इजिप्तमध्ये थडगे सापडले की सोने किती आणि ममी कोणाची, एवढेच छापून येते. आतला राडारोडा कसा उपसला, हे कोणी विचारत नाही. लहान थडग्याच्या भिंती कोऱ्या असल्या तर वस्तू कुठे पडली आणि कशाखाली पडली, यावरच सगळी भिस्त असते.

इजिप्तच्या राजांच्या खोऱ्यातले ‘केव्ही ५५’ (तिथल्या थडग्यांना दिलेल्या क्रमांकांपैकी ५५ वे) घ्या. एक उतरता बोळ, एक खोली, एक कोनाडा. जानेवारी १९०७ मध्ये उत्खननाचा खर्च करणारे अमेरिकी धनिक थिओडोर डेव्हिस यांच्यासाठी पुरातत्त्वज्ञ एडवर्ड आयर्टन यांनी ते शोधले. छताच्या भेगेतून पाणी झिरपले होते. लाकूड ओलीने फुगते, वाळले की आकसते. त्यावरचे लुकण (वर्खाखालचा पांढरा लेप) तसे हलत नाही, म्हणून सोन्याचा वर्ख लुकणासकट सुटतो. राणी तियेच्या (फारो अखेनातेनची आई) शवपेटीभोवतीच्या लाकडी देव्हाऱ्याच्या फळ्या अशाच झाल्या होत्या. अशा फळीचा जागेवरच फोटो, मग मापे, अक्षरांची नक्कल, थर पक्का करणे आणि सगळ्यांत शेवटी उचलणे, असा क्रम हवा. तिथे घाई झाली. कोणती वस्तू नेमकी कुठे होती, यावर अभ्यासक अजून भांडतात. डेव्हिस यांनी तर ते राणी तियेचेच थडगे ठरवून पुस्तक काढले. हाडे पुरुषाची निघाली.

त्याच थडग्यातल्या मातीच्या इवल्या मोहरांवर (पेटी किंवा दार बंद करताना दोरीवर लावलेल्या मातीवरचे ठसे) फारो तुतनखामुनचे नाव मिळाले, त्यामुळे काळाचा धागा तरी हाती लागला. अशा मोहरांची माती कच्ची असते. चाळण कोरडी आणि बारीक जाळीची हवी. पाणी घातले की मोहर विरघळलीच. मोहरेची मागची बाजू तर पुढच्याइतकीच मोलाची. दोरीचा पीळ, लाकडाच्या रेषा तिथे उमटतात आणि पेटी बंद केली होती की दार, ते कळते.

तुतनखामुनचे थडगेही चारच लहान खोल्यांचे, पण ते रिकामे करायला १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षे लागली. तिथले छायाचित्रकार हॅरी बर्टन वस्तूंचे फोटो क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवून आणि न ठेवता, असे दोनदा घेत. त्यांची फोटो धुण्याची अंधारी खोली होती ‘केव्ही ५५’मध्येच!

तेव्हा पुढच्या वेळी बातमीदारांनी एवढे जरूर विचारावे: राडारोडा थराथराने काढला का, सगळा चाळला का, आणि मोहरांच्या दोन्ही बाजूंचे फोटो आहेत का?

– प्राचीन इजिप्तचे काही अभ्यासक