कॉर्नपोन म्हणजे गोड केक नव्हे

मा. संपादक,
स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन खाण्यावर लेख आला, त्यात कॉर्नपोनला एका ओळीत 'मक्याचा गोड केक' म्हणून उडवून लावलंय. मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतोय, इथल्या म्हाताऱ्या माणसांसमोर असं बोलायची माझी तरी हिंमत नाही. पोनमध्ये साखर नसते, मैदा नसतो, जुन्या पद्धतीत अंडं-दूधसुद्धा नाही. पांढऱ्या मक्याचं पीठ, मीठ, गरम पाणी, थोडी डुकराची चरबी, हातावर थापायचं आणि बिडाच्या भांड्यात भाजायचं, वर बोटांचे ठसे तसेच राहतात.

'पोन' हे नाव मूळचं व्हर्जिनियातल्या आदिवासींच्या भाषेतलं. पुढे गुलामांना रेशन म्हणून मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांसच मिळायचं, गरीब गोऱ्यांच्या घरीही तेच, मग काय, शहरी लोकांनी 'कॉर्नपोन' ही शिवीच करून टाकली, म्हणजे अडाणी, गावंढळ. लिंडन जॉन्सन उपराष्ट्राध्यक्ष होते तेव्हा केनेडींच्या गोटातले लोक त्यांच्या मागे त्यांना 'अंकल कॉर्नपोन' म्हणायचे!

पण लुइझियानाचा गव्हर्नर ह्युई लाँग यानं तेच उलटं फिरवलं. १९३१ साली त्यानं जाहीर केलं की पोन हे पॉटलिकरमध्ये (पाला आणि खारं मांस उकळून उरलेलं पाणी, लोकं ते ओतून देत नाहीत) बुडवूनच खायचं. अटलांटा कॉन्स्टिट्यूशन पेपर म्हणाला छे, कुस्करूनच. झालं, कित्येक दिवस वाचकांची पत्रं छापून येत होती, मंदीच्या काळात बरं का, आणि लाँगला फुकट पब्लिसिटी. गावंढळपणाचा आरोप होण्याआधीच त्यानं तो स्वतः मिरवला, राजकारणी म्हणून पक्का होता हे मानावं लागेल. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीपण तार पाठवली, की हा प्रश्न डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात जाहीरनामा समितीकडे सोपवा, मी स्वतः मात्र कुस्करतो.

भाकरी आमटीत कुस्करून खात वाढल्यामुळे माझं मत अर्थातच रूझवेल्टना. तेवढी ती साखरेची चूक पुढच्या रविवारी दुरुस्त करा.

आपला एक वाचक,
अटलांटा (मूळचा सांगलीचा)