नाइट ड्युटी आणि अण्णांची कूस

लातूर,
रविवार, दुपार

ज्योते,

फोनवर हे सांगता येत नाही. फोन कानाला लावला की माय समोर येऊन बसते, 'कोणाचाय, स्पीकरवर टाक' म्हणते. म्हणून कागद. मी बरी आहे, केस गळायलेत, बाकी जागच्या जागी.

रोस्टर लागलंय, अजून कच्चं. लेबर रूम, नाइट, पुढचा पंधरवडा. आणि त्याच पंधरवड्यात वहिनी बाळंतपणाला जिंतूरला चालली. दिवसाचं कसंबसं जमेल, पण पॅरालिसिसने कॉटला खिळलेल्या अण्णांची रात्री कूस कोण बदलणार, हा प्रश्न घरात कोणालाच पडत नाही. आत्याचं उत्तर तयार : 'पोरगी नर्सिंगलाच हाय की, टाक म्हणावं सुट्टी.' तुझ्या आजीच्या वेळी तुलाही हेच ऐकवायचे आणि तू मेसमध्ये येऊन ताट आपटायचीस. म्हणून तुलाच लिहायलेय. कांचनला सांगितलं तर ती आधी रडेल, मग मलाच तिची समजूत काढावी लागेल.

सुट्टीने काय होतं हे घरच्यांना सांगून सांगून तोंडाला फेस आला. त्यांनी '८० टक्के हजेरी' तेवढी ऐकलीय. ते ८० टक्के थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे लागतात, तेही फक्त परीक्षेला बसायला. डिप्लोमा हातात पडायचा तर प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्केच. आज बुडवलेली नाइट पुढे भरून द्यायचीच. आणि वर केसबुक, आपण केलेल्या केसेसची वही. बाळंतपणाआधीच्या ३० अँटिनेटल तपासण्या ओपीडीत होऊन जातात, बाळंतपणानंतरच्या २० पोस्टनेटलही वॉर्डात मिळतात. पण २० नॉर्मल डिलिव्हऱ्या आपल्या हाताने? दिवसा एका टेबलाभोवती आम्ही, बीएस्सीच्या पोरी, इंटर्न डॉक्टर. मागच्या पोरीला पडदा तेवढा दिसतो. रात्री दोन-तीनला गर्दी पांगलेली असते, तेव्हा सिस्टर स्वतःहून म्हणतात, 'चल, हात धू, ग्लोव्हज घाल.' नाइट सोडली की केसबुक कोरं राहतं, हे तुझंच वाक्य. आता निस्तर.

अण्णांची उजवी बाजू तशीच, बोलणं 'हं'पर्यंत, बीपी गोळ्यांवर बरं. नाकातली नळी आहे, लघवीची नळी आहे. पाठ अजून शाबूत आहे आणि ती तशीच ठेवायची, एवढाच माझा हट्ट. बाकी सगळं भरून येतं गं, माकडहाडावरची जखम एकदा हाडापर्यंत गेली की घरात महिनोन्महिने तिचाच वास. तुझ्या आजीचं मी काही बोलत नाही.

तर हिशोब असा मांडलाय. तू त्यात चुका काढ, तुला तेच आवडतं.

रात्री नळीतून फीड नाहीच. दिवसा दर अडीच-तीन तासांनी २०० मिली, शेवटचं नऊला. म्हणजे भैय्यावर नळीचं काम पडत नाही, ते मायकडे राहतं आणि मायचा हात आता बसलाय. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण केलीय, ती सरकलेली दिसली तर फीड द्यायचंच नाही, मला फोन. खूण जागेवर असली तरी आधी ५० मिलीच्या सिरिंजने थोडं ओढून पोटातलं पाणी येतं का बघायचं. हवा मारून स्टेथोने गुडगुड ऐकायचं मी घरात कोणाला शिकवलंच नाही. नळी फुप्फुसात गेलेली असली तरी आवाज येऊ शकतो. फीड ढकलायचं नाही, सिरिंजचा दट्ट्या काढून उंच धरायची, आपोआप उतरू द्यायचं, १५-२० मिनिटं. मग ३० ते ५० मिली पाणी. आणि त्यानंतर पाऊण-एक तास अण्णांना आडवं करायचं नाही. वरणाचं पाणी, दूध, पेज, सगळं मिक्सरमधून काढून पातळ फडक्याने गाळलेलं. मायला वाटतं घट्ट दिलं की ताकद येते. घट्ट दिलं की नळी तुंबते. तुंबली तर कोमट पाणी हळूहळू, जोर नाही, तार तर मुळीच नाही. गोळ्या एकेक वेगळी कुटून, मध्ये पाणी. पण एसआर (पोटात हळूहळू सुटणारी) लिहिलेली किंवा वरून वेगळं आवरण असलेली गोळी कुटायची नाही, डॉक्टरकडून पातळ औषध किंवा दुसरी गोळी लिहून घ्यायची.

आत्या मात्र चमच्याने चहा पाजायला टपलेली. 'एक घोटाने काय होतं?' एका घोटाने न्यूमोनिया होऊ शकतो. गिळताना खोकला येत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पॅरालिसिसच्या माणसाला घोट श्वासनळीत गेला तरी कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही. मी कॉटवर पाटी लावलीय, 'तोंडाने काहीही देऊ नये'. आत्या म्हणते तिला वाचता येत नाही. पंचांग येतं.

आता कूस. नियम दोन तासांचा, तो मी मोडायला निघाले नाही. दिवसा दोनच. पण भैय्या दिवसभर आडतीवर सोयाबीनच्या कट्ट्यांत असतो, त्याला रात्री दर दोन तासांनी उठवला तर चौथ्या दिवशी उठायचाच नाही आणि मला खोटं सांगेल. म्हणून रात्री दहा, दोन आणि सहा. चांगल्या गादीवर, त्वचा साथ देत असेल तर चार तासांपर्यंत ताणता येतं, पण तेवढी गादी हवी. एअर मॅट्रेस आणलीय, पंपाची. लाइट गेली की पंप बंद, हवा उतरते आणि अण्णा थेट कॉटच्या पट्ट्यांवर. पंपाच्या नळ्या लगेच दुमडून चिमटा लावला तर गादी काही वेळ हवा धरते. भैय्याला एक खूण शिकवलीय : कमरेच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवायचा, वर इंचभर तरी हवा लागली पाहिजे. हाताला हाड लागलं तर गादी असून नसून सारखीच.

पूर्ण कुशीवर नाही झोपवायचं, ९० अंशात सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंशच तिरपं, गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. उजवा खांदा ओढायचा नाही, लुळा हात धरून उचललं की सांधा निखळतो. खाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत सोलापुरी चादरीची घडी घातलेली असते. भैय्या एका बाजूने, माय दुसऱ्या बाजूने, चादर धरून उचलून सरकवायचं. फरफटत ओढलं की वरची कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस सरकतं, ते दिसत नाही आणि तेच नडतं. मायचे गुडघे गेलेत, म्हणून कॉटखाली विटा घालून उंच केलीय. लघवीची पिशवी कूस बदलताना भैय्या उचलून अण्णांच्या पोटावर ठेवायचा! आता कॉटच्या खालच्या दांडीला हूक लावलाय : मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला टेकणार नाही.

आणि हो, रिंग, ती मध्ये भोक असलेली गोल उशी. तू अजूनही 'रिंग घे' म्हणशीलच. ते भांडण तिथेच आहे, मी हरले नाही. रिंगच्या कडेचा दाब गोल बसतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठाच कमी होतो. पावडर चोळून मालिशही नाही, लाल जागी तर नाहीच.

सहाची कूस झाली की भैय्याने माकडहाड, खुबे, टाचा बॅटरीने बघून मला मेसेज करायचा. बोट दाबून उचललं की पांढरं होऊन परत लाल येतं का? येत असेल तर सुटलो. लाल तसंच राहिलं तर ती जखमेची पहिली पायरी, त्या दिवसापासून चार तास रद्द. पण अण्णांचा रंग तुला माहीत आहे, लाली कळतच नाही. म्हणून जागा गरम, टणक किंवा शेजारच्यापेक्षा मऊ लागते का हे हाताने बघायला सांगितलंय. माझा खरा घोर इथेच आहे. भैय्या झोपेत बघेल आणि 'ओके' टाकेल. ओके म्हणजे बघितलं की नुसतं टाइप केलं?

अभ्यासाचं विचारशील. पंधरा मिनिटं सिरिंज धरून उभं राहायचं असतं, पुस्तक उलटायला हात नसतो. म्हणून मिडवायफरी, बाळंतपणाचा विषय, फोनवर स्वतःच बोलून ठेवलीय, तीच लावते. पार्टोग्राफ, म्हणजे कळांचा तक्ता, गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडल्यापासून, अलर्ट लाइन ताशी १ सेंमी, अ‍ॅक्शन लाइन तिच्या ४ तास उजवीकडे, बाळाचे ठोके अर्ध्या तासाला. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही हे बघितलं, की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. अण्णा प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणतात. व्हायवाला, तोंडी परीक्षेला, त्यांनाच पाठवावं.

चादरींचा प्रश्न वेगळाच, नळाला पाणी येईल तेव्हा धुणं, म्हणून गंजगोलाईतून मेणकापड आणि वरून जुन्या नऊवारीचे तुकडे. मेणकापड अंगाला थेट लागू द्यायचं नाही, घाम साचतो.

तुझं काय? आयसीयू झेपतंय का? त्या चिंचवडच्या पोराचं काय झालं, नकार तू दिलास की त्याने? माझं पिवळं स्वेटर तुझ्याकडेच आहे, आणि झेरॉक्सवाल्याचे पैसे मीच दिलेत, हे लिहून ठेव. दिवाळीला येणार असशील तर दोन रात्री इथे मुक्काम कर, अण्णा तुला ओळखतात, डाव्या हाताने.

तर विचारायचं हे. एक, १०-२-६ तुला पटतं का, की मध्ये बारालाही एक कूस घालू, निदान पहिले तीन दिवस? दोन, सलग नाइट घेऊ की कांचनशी आठवडा वाटून घेऊ? वाटून घेतल्या तर केसेस कमी, सलग घेतल्या तर दिवसा माझीच झोप जाईल आणि झोपेत फीड द्यायला मी भीते. १ तारखेला रोस्टर पक्कं होतं. त्याच्या आत कळव, आणि मेसेजच कर, फोन नको.

तुझी,
सुनीता