शिक्षा कुणाला झाली तेपण छापा

मा. संपादक,
स. न.

काल तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा ‘पैशाने खेळ नासवला’ हा लेख वाचला, रात्रभर डोक्यातनं गेला नाही म्हणून आज ऑफिसला जायच्या आधी लिहायला बसलोय. मी मूळचा कराडचा, बरीच वर्षं कोलंबस, ओहायोला राहतो, तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचतो. लेखकाचं म्हणणं असं की 2021 पर्यंत सगळं सोवळं होतं, मग कोर्टाने दार उघडलं, एनआयएल (खेळाडूने स्वतःचं नाव-चेहरा वापरू देऊन पैसे कमवायची मुभा) आलं, पोरं करोडपती झाली आणि खेळ गेला. आता 2025 पासून या पैशांवर लक्ष ठेवायला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन आलंय, ते शिस्त लावेल. शिस्त आधीपण होती हो. ती कुणाच्या पाठीवर बसली ते लेखात एका ओळीत पण नाही.

2010 सालची गोष्ट घ्या. ओहायो स्टेटच्या, म्हणजे आमच्या इथल्या युनिव्हर्सिटीच्या, पाच पोरांनी स्वतःला मिळालेल्या वस्तू विकल्या. जर्सी, अंगठ्या, आणि इथं मिशिगनला, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना, हरवलं की प्रत्येक खेळाडूला एक छोटीशी सोन्याची पँट मिळते, बोटाच्या पेराएवढी, चेनमध्ये ओवायची, ती. शिवाय टॅटू स्वस्तात करून घेतले. तेव्हाच्या नियमात खेळाडूने असं काही कमावणं मना होतं, म्हणून पाचही जणांना पाच-पाच मॅचची बंदी. कोच ट्रेसलना हे माहीत होतं आणि त्यांनी लपवलं, मे 2011 मध्ये त्यांना जावं लागलं, ते योग्यच झालं. 2010 चे सगळे 12 विजय रेकॉर्डमधनं पुसले गेले. आणि वर एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम चालवणाऱ्या संस्थेची, 2012 ला बाऊल बंदी, म्हणजे सीझननंतरच्या बाऊल मॅच नाहीत, सीझन संपला की घरी. 2012 च्या टीममध्ये त्या पाचातला एकपण पोरगा नव्हता, कोच पण नवीन, अर्बन मायर.

त्या वर्षी माझे वडील, अण्णा, इकडे आले होते. 24 नोव्हेंबरला मिशिगनची मॅच आणि ऑफिसमधल्या एकाने त्याची दोन तिकिटं मला दिली. अण्णांना दोन स्वेटर, वर माझा जाड कोट, कानटोपी, खिशात भाजलेले शेंगदाणे. स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस, अण्णा म्हणाले एवढी गर्दी मी वारीतच बघितलीय. फुटबॉलचे नियम त्यांना कळत नव्हते पण तरुणपणी तालमीत गेलेला माणूस, दोन पोरं एकमेकांना भिडली की बरोबर सांगायचे कुणाचा पाय सुटला. 26-21 जिंकलो. बारापैकी बारा. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने अण्णांना मिठी मारली, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं.

पायऱ्या उतरताना अण्णांनी विचारलं, आता फायनल कधी? मी म्हटलं फायनल नाही, यांना बंदी आहे. ‘ह्यांनी काय केलं?’ ह्यांनी काही नाही, आधीच्यांनी. मग मी टॅटूचं आणि त्या सोन्याच्या पँटचं सगळं सांगितलं तर अण्णा कठडा धरून थांबलेच, मागची माणसं खोळंबली. म्हणाले, ‘कुस्ती पैलवानानं मारली ना? मग गदा त्याची. त्यानं घरात ठेवली काय आन् इकली काय. आन् त्याच्यापायी ह्या लेकरांना घरी बसवलं?’ मला उत्तर देता आलं नाही, आजपण येत नाही. त्याच दिवशी ट्रेसलच्या 2002 च्या चॅम्पियन टीमचा सत्कार होता, त्या जुन्या पोरांनी ट्रेसलना खांद्यावर घेतलं, अख्खं स्टेडियम उभं राहिलं. लपवणाऱ्याला टाळ्या आणि ज्यांनी काहीच केलं नाही ती पोरं जानेवारीत टीव्हीवर दुसऱ्यांची फायनल बघत बसली. कॉलेजच्या चार वर्षांतलं एक वर्ष असं गेलं, ते कोण परत देणार?

आता ऑगस्ट 2025 चा मिशिगनचा निकाल बघा. तिथल्या स्टाफमधल्या एकाने पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचला माणसं पाठवून त्यांचे कोच मैदानाबाहेरनं खेळाडूंना करतात त्या खुणा रेकॉर्ड करायला लावल्या, 2021 ते 2023, आणि त्या तिन्ही वर्षी आम्ही त्यांच्याकडनं हरलो. एनसीएएने दंड लावला, भरपूर लावला, 2 कोटी डॉलरच्या वर जाईल म्हणतात, पण बाऊल बंदी नाही. कारण काय, तर आत्ताच्या खेळाडूंवर अन्याय होईल. बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर आहे, मिशिगनच्या आत्ताच्या पोरांना बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण मग हेच 2012 च्या पोरांच्या वेळी का नाही सुचलं? ओहायोवाला आहे म्हणून बोलतोय असं वाटत असेल तर वाटू दे. ओक्लाहोमाच्या तीन पोरांनी एका समारंभात ठरल्यापेक्षा जास्त पास्ता खाल्ला म्हणून कॉलेजनेच प्रत्येकाला 3 डॉलर 83 सेंट दान करायला लावले होते, हीपण याच नियमांच्या धाकाची करामत, आणि तो माझा क्लब नाही.

आणि लेखक म्हणतात पैशाने नासवला. जानेवारी 2025 ला आम्ही नोटर डेमला 34-23 हरवून चॅम्पियन झालो, त्या टीमवर साधारण 2 कोटी डॉलर गेले हे इथल्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनीच उघड सांगितलं होतं. माझ्या गल्लीत त्या रात्री लोक घराबाहेर बर्फात उभं राहून ओरडत होते, कुणाचा आनंद पैशाने कमी झाला नाही. पैसा या खेळात पहिल्यापासून होता, फक्त पोरांना मिळत नव्हता. आता कॉलेज स्वतः पोरांना पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी (2025-26) मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलरची होती, ठीक. पण बाहेरचं डील 600 डॉलरचं असलं तरी पोराने ते नोंदवायचं, मग डेलॉइट या ऑडिट कंपनीच्या सिस्टिममध्ये तपासणार की भाव वाजवी आहे का. कोचच्या पगाराचा भाव वाजवी आहे का हे कुणी तपासतं का? पुन्हा भिंग पोरांवरच.

अण्णा आता 82 चे आहेत, नोव्हेंबर आला की फोनवर विचारतात त्या पोरांचं पुढं काय झालं.

आणखी एक. लेखाबरोबरच्या फोटोखाली तुम्ही ‘रग्बी सामन्यातील एक क्षण’ छापलंय. ते रग्बी नाही, हेल्मेट दिसतंय की चक्क. ई-पेपरवर सकाळी 6 पर्यंत तसंच होतं, तेवढं कृपया दुरुस्त करा.

आपला नियमित वाचक,
कोलंबस, ओहायो