कोर्टातली शरियत कुठून आली?

महोदय,

उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाल्यापासून आपल्या वाचकपत्रांत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, चौदाशे वर्षांपूर्वीचा कायदा मोडीत काढा. दुसरा म्हणतो, अल्लाच्या कायद्याला हात लावाल तर खबरदार. नागपूरच्या दिवाणी न्यायालयात मी आयुष्यभर वकिली केली, त्यात मुसलमान पक्षकारांचे वाटणीचे आणि पोटगीचे दावे पुष्कळ होते. दोघांनाही माझं एवढंच सांगणं आहे की आपल्या कोर्टात 'मुस्लिम कायदा' म्हणून जे चालतं, त्याची आजची घडण जेमतेम अडीचशे वर्षांची आहे आणि ती बरीचशी इंग्रजांच्या कचेरीत झालेली आहे.

१७७२ साली बंगालचा इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं, की वारसा, लग्न वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचा आणि हिंदूंना शास्त्रांचा. साहेबाच्या न्यायाधीशांना अरबी कुठून येणार? मग बाराव्या शतकात मध्य आशियात अरबीत लिहिलेला 'हिदाया' हा इस्लामी कायद्याचा ग्रंथ आधी फारसीत आणवला आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये इंग्रजीत केला. ही दुसऱ्या हाताची प्रत कोर्टात प्रमाण ठरली. मुफ्ती, म्हणजे शरियतचा जाणकार, समोरचा माणूस, त्याची अडचण, निरनिराळ्या इमामांची मतं बघून फतवा द्यायचा. न्यायाधीशाला मात्र कलम हवं होतं. एकदा निकाल लागला की तो नजीर, म्हणजे पुढच्या खटल्यांसाठी पायंडा, झाला, मतभेदाची वाट तिथेच बुजली. १८६४ मध्ये कोर्टाला कायदा समजावून सांगणारे मौलवीही घरी गेले. पंडितही गेले, त्यांची कहाणी फारशी वेगळी नाही, पण तो विषय दुसऱ्या पत्राचा.

दरम्यान बाकीची शरियत एकेक करून निकालात निघाली. बंगालमध्ये फौजदारी खटले दुरुस्त्या करत का होईना, इस्लामी कायद्याने चालत होते. तिथे १८६० ची दंडसंहिता आली, १८७२ मध्ये पुराव्याचा आणि कराराचा कायदा आला. उरलं काय? लग्न, तलाक, वारसा, वक्फ. म्हणजे घर. राज्य गेलं, बाजार गेला, आणि जे घरात उरलं तोच गड झाला. फ्रेंचांनी अल्जेरियात हेच आणखी उघडपणे केलं. १८६५ च्या फर्मानाने मुसलमानाला पूर्ण फ्रेंच नागरिक व्हायची मुभा दिली, पण आपला वैयक्तिक कायदा सोडण्याच्या अटीवर. फारच थोड्यांनी तो सोडला. लग्न-वारशाचे नियम हीच मुसलमानपणाची खूण, हे असं सरकारनेच ठरवून टाकलं. तिथे १९६२ ला स्वातंत्र्य आलं तरी कुटुंब कायदा व्हायला १९८४ उजाडलं, आणि त्यातही बहुपत्नीत्व राहिलंच. शेजारच्या ट्युनिशियात तिथले नेते हबीब बुर्गिबांनी स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ते बंद केलं. धर्म तोच, राज्यकर्ते तेच फ्रेंच. मग 'इस्लाममुळे' हे उत्तर कुठे पुरतं?

नागपूरचंच बघा. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. पुढे १८७५ च्या मध्य प्रांत कायद्याच्या पाचव्या कलमाने मुसलमानांना मुस्लिम कायदा लागू केला, मात्र एखाद्या समाजात किंवा घराण्यात वेगळा रिवाज असेल तर तो मानायचा, अशी सोयही ठेवली. १९३७ च्या शरियत कायद्याने हे कलम, त्याच्याशी विसंगत होतं तेवढ्यापुरतं, नाव घेऊन रद्द केलं. ठिकठिकाणच्या रिवाजांत मुलींचा वाटा बुडत होता, तो त्यांना मिळावा हे एक कारण होतं. शेतजमीन मात्र कायद्याबाहेर राहिली. ती प्रांतांच्या अखत्यारीतली म्हणून, असं सांगितलं जातं. जमीनदारांची त्याने गैरसोय झाली नाही हेही खरं.

तोंडी तलाकचा इतिहास तर वाचण्यासारखा आहे. एका दमात दिलेला तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्याने पक्का, हे १९०५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या इंग्रज न्यायाधीशाने लिहून ठेवलं. ते वाक्य पुढे पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी वापरलं. २००२ मध्ये औरंगाबादच्या पूर्णपीठाने सांगितलं, की तलाक झाला असं नुसतं म्हणून भागणार नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करा. एका दमातला तलाक रद्द ठरवणारा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्वांना ठाऊक आहे.

आणि 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांसाठी १९३९ चा कायदा. हनफी मतानुसार, म्हणजे भारतातले बहुतेक सुन्नी मानतात त्या कायदेपंथानुसार, नवरा बेपत्ता झाला किंवा पोसत नसला तरी बाईला सुटका जवळजवळ नव्हती. बेपत्ता नवऱ्याची वाट त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत बघायची! मग बायका धर्म सोडायला लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटला असं कोर्ट मानत होतं. उलेमा हादरले. थाना भवनचे मोठे आलिम अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मतातले नियम उसने घेण्याचा मार्ग शास्त्रार्थ करून मोकळा केला, आणि त्यावर मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला: नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, अशा कारणांवरून बाई कोर्टात जाऊ शकते. हे सगळं मुसलमानांनीच, कायदेमंडळात बसून, केलं.

जाता जाता एक गंमत. नवे वकील मुस्लिम कायद्यावरचं 'मुल्ला' हे पुस्तक उघडतात तेव्हा कितीकांना तो कुणा मौलवीचा ग्रंथ वाटतो. तो मुंबईच्या पारशी वकिलाचा, दिनशा फरदुनजी मुल्लांचा. त्याच्या पुढच्या आवृत्त्या संपादित केल्या आपल्या नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या हिदायतुल्लांनी.

आता प्रत्यक्ष काय चालतं ते सांगतो. मोमिनपुऱ्यातल्या एका मयत विणकराचं घर: मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. घराचे चाळीस भाग करा; बायकोला पाच, मुलांना चौदा-चौदा, मुलीला सात. हिशेब चोख. मुलगी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आली, भाऊ सोबत होते, हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला. सात भाग म्हणजे आजच्या भावाने किती रुपये, हे तिला विचारलं तर माहीत नव्हतं. त्याच बाकावर तिच्याशेजारी बसलेल्या कुणबी बाईलाही नव्हतं, आणि तिचा वाटा तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर भावाइतकाच होता. समान नागरी कायदा उद्या आला तरी हा बाक तसाच भरलेला दिसेल.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. कोणत्याही धर्माच्या बाईचं हक्कसोडपत्र नोंदवताना तिचा कायदेशीर हिस्सा किती आणि त्याची सरकारी दराने किंमत काय, हे दस्तात लिहिलेलं असावं आणि भावांना बाहेर बसवून तिला वाचून दाखवावं. त्याशिवाय नोंदणी करू नये. हिवाळी अधिवेशनाला सगळे आमदार नागपुरात येतातच. त्यांतल्या एकाने तरी हे सभागृहात मांडावं.

आपला,
एक निवृत्त वकील, सदर, नागपूर