तासाला बारा : तिसऱ्या मजल्यावरच्या दादांना जाहीर आभारपत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

जिन्यात दोनदा आभार मानायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही "अहो ताई, त्यात काय" म्हणून दोन पायऱ्या एकदम चढून गेलात. दुसऱ्यांदा तुमच्या हातात दुधाची पिशवी होती आणि रात्रपाळीची झोप तुमच्या डोळ्यांवर होती, म्हणून मीच गप्प बसले. तोंडावर तुम्ही ऐकून घेणार नाही, हे कळलं, म्हणून हे जाहीर लिहिते आहे. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नौपाड्यात तळमजल्यावर आमचा डीटीपीचा स्टुडिओ आहे. वडिलांच्या वेळी तिथे खिळ्यांचा, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता, आता अकरा कॉम्प्युटर आहेत. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांची नियतकालिकं वर्षभर चालू असतात आणि गणपती गेले की दिवाळी अंक. सगळ्यांच्या फाइली एकाच सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे पोटमाळ्यावरचा जुना टॉवर, ८ जीबी रॅम, आत लिनक्स आणि विंडोजवाल्या मशीनना फोल्डर दिसावेत म्हणून सांबा. ज्या मुलाने तो बसवून दिला तो पुढे परदेशी गेला. तेव्हापासून त्या डब्याची सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर मीच, म्हणजे काही अडलं की बंद करून चालू करणारी.

यंदा ऐन सीझनमध्ये तो दर चौथ्या दिवशी रखडायला लागला. फाइल उघडायला सांगितली की विंडोजवरचं ते निळं चक्र फिरतंय, फिरतंय. रीस्टार्ट केला की पुन्हा तीन दिवस बरा. एका शुक्रवारी रीस्टार्ट राहून गेला आणि संध्याकाळी आमच्या पानं लावणाऱ्या मुलीची इनडिझाइनची फाइल हातातून सुटली. सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची पानं, दोन तासांचं काम. सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ होती : आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस (मेमरी संपली, एक प्रोग्राम मारला), आणि पुढे एसएमबीडीचं, म्हणजे सांबाच्याच चालू प्रोग्रामचं, नाव. ती मुलगी रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं. नुसती स्क्रीनकडे बघत बसली होती.

ज्या दुकानातून आम्ही सामान घेतो तिथे विचारलं. मी वाक्य पूर्ण करायच्या आत उत्तर आलं, "रॅम वाढवा." कोटेशनही आलं व्हॉट्सअॅपवर. मी पैसे भरणारच होते. त्या रात्री लिफ्टपाशी तुम्ही भेटलात, महापेला सर्व्हर सांभाळायच्या रात्रपाळीवर निघाला होता, आणि मी सहज म्हणून बोलून गेले. तुम्ही घड्याळ बघितलं, "नऊ-बाराची गाडी गेली वाटतं" म्हणालात आणि तिथेच पत्रपेटीला टेकून उभे राहिलात.

तुम्ही पहिला प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे. "मेमरी संपली हे कशावरून म्हणता?"

मी शहाण्यासारखं सांगितलं की 'फ्री' ही कमांड मारली की मोकळी मेमरी १९० एमबी दाखवते. आणि थोडी मिरवतच पुढचंही सांगितलं, की त्यावर मी उपाय केलाय, इंटरनेटवरून एक ओळ घेऊन रात्री दोनला आपोआप चालेल अशी लावलीय, ती सगळी कॅशे, म्हणजे मेमरीत साठवून ठेवलेल्या फाइली, रिकामी करते. यावर तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलंत, "मग सकाळी पहिल्या तासाला सगळं हळू उघडतं का?"

उघडत होतं. महिनाभर आम्ही त्या सकाळच्या रखडण्याला सर्व्हरचं म्हातारपण म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ठाण्याला उतरलात ते थेट स्टुडिओत आलात. घरीही गेला नव्हता, वहिनींचा दोनदा फोन आला. तेव्हा तुम्ही मला 'फ्री'च्या उत्तरातला शेवटचा रकाना दाखवलात, 'अव्हेलेबल'. रीस्टार्टनंतरच्या पहिल्या दिवशी तिथे ६ जीबीच्या वर आकडा होता, शेजारी 'मोकळी' १९० एमबी असतानाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल लिनक्स मेमरीत ठेवून देतं, कुणी परत मागितली तर लगेच देता यावी म्हणून. आणि कुठल्या प्रोग्रामला जागा लागली की ते तत्काळ सोडूनही देतं. ती मेमरी संपलेली नसते.

तुम्ही समजावत होतात आणि मला बाबांचा छापखाना आठवत होता. पत्रिकेचा किंवा पावतीपुस्तकाचा मजकूर छापून झाला तरी बाबा तो लगेच मोडू द्यायचे नाहीत. दोरीने बांधून गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, तसाच उभा ठेवायचे, कारण गिऱ्हाईक पुन्हा शंभर प्रती मागायला येणार हे माहीत असायचं. नव्या कामाला खिळे कमी पडले तरच तो मोडून खिळे परत केसमध्ये, म्हणजे आपापल्या खणांत, जायचे. आणि मी काय करत होते, तर रोज रात्री दोन वाजता गडी लावून छापखान्यातला सगळा उभा मजकूर मोडायला लावत होते. सकाळी पुन्हा पहिल्यापासून जुळवा! बाबांनी मला दारात उभं केलं नसतं.

ती ओळ तुम्ही मला माझ्याच हाताने काढायला लावलीत. सकाळचं रखडणं त्याच दिवसापासून गेलं. पण चौथ्या दिवसाचं दुखणं वेगळं होतं आणि ते खरं होतं. दुखणी दोन होती, आणि मी औषध देत होते ते नसलेल्या दुखण्यावर.

मला खरं तर वाटलं होतं की आता तुम्ही खुर्चीत बसाल, खटाखट काहीतरी टाइप कराल आणि झालं म्हणाल. तुम्ही माझ्या टेबलावरची लाल बांधणीची वही ओढलीत, पट्टीने पाच रकाने आखलेत : वेळ, मोकळी, अव्हेलेबल, स्वॅप (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरलेली जागा), एसएमबीडी किती. "सोमवारपर्यंत दर तासाला भरा. कशालाही हात लावायचा नाही. रात्रीचं मी मशीनला लिहायला लावतो." मी म्हटलं, दिवसाचंही मशीनच लिहील की. तर म्हणालात, "हाताने लिहिलं की डोळा बसतो." मनातून मी वैतागले होते, दादा. अंकाची पानं सुटायची होती, जाहिरातवाले फोन करत होते, आणि मी दर तासाला पोटमाळ्याच्या शिडीखाली बसून आकडे उतरवत होते.

गुरुवारी सकाळी नऊला एसएमबीडी १३. बरोबरच होतं, सांबा प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो. अकरा मशीन आणि त्याच्या स्वतःच्या एक-दोन. दहाला २५. अकराला ३८. बाराला ४९. एकला ६२. मला वाटलं, पोरं एकाच वेळी दहा-दहा फोल्डर उघडून बसतात, त्यांना दोन शब्द सुनवायला हवेत. जेवणाच्या सुट्टीत सुनावलेही. (त्याबद्दल त्यांची माफी मागून झाली आहे, वडापाव देऊन.)

शुक्रवारी सकाळी तुम्ही रात्रीच्या फाइलीतले आकडे वहीत चिकटवलेत. एकला १९४, दोनला २०६, तीनला २१८, चारला २३०. तुम्ही पेन्सिलीने शेजारी १२, १२, १२ लिहिलंत आणि माझ्याकडे बघितलंत.

"ताई, रात्री तीनला इथे कोण असतं?"

"कुणी नाही. कुलूप असतं."

"आणि तासाला बारा. दिवसा एखादा कमी-जास्त, रात्री अगदी मोजून बारा. माणसं अशी वागत नाहीत."

माझ्या अंगावर काटा आला. तासाला बारा म्हणजे दर पाच मिनिटांनी एक. रविवारी, स्टुडिओ बंद असताना, तेच. सोमवारी सकाळी आकडा अकराशेच्या वर गेला होता. तुम्ही 'एसएमबीस्टेटस' मारलंत, म्हणजे सांबाशी कोण कोण जोडलंय ते दाखवणारी कमांड, आणि पडद्यावर नेटवर्कवरचा एकच पत्ता पानामागून पान उतरत गेला : १९२.१६८.१.५०, १९२.१६८.१.५०, १९२.१६८.१.५०. मी उठून राऊटरवर चिकटवलेला कागद बघितला. ५० नंबर म्हणजे दाराशेजारचं झेरॉक्सचं मोठं मशीन. स्कॅन केलेला कागद ते थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि तो फोल्डर जागेवर आहे ना हे बघायला दर पाच मिनिटांनी दार वाजवतं. दर वेळी नवी जोडणी, आणि जुनी बंदच करत नाही. सर्व्हरने मधूनच "आहेस का रे?" विचारलं तर अकराशे जोडण्यांवरून "आहे, आहे" म्हणतं. मग सर्व्हर तरी कसा हाकलणार?

तरीही तुम्ही लगेच पटवून घेतलं नाहीत. मशीनची नेटवर्कची वायर काढलीत, मला अर्धा तास मोजायला लावलंत. सहा वाढायला हवे होते, एकही वाढला नाही. वायर परत लावली, पाचव्या मिनिटाला एक वाढला. मी टाळी वाजवली, आणि शेजारच्या खोलीतून मुद्रितशोधक काका काय झालं म्हणून चष्मा कपाळावर घेऊन आले.

मधल्या काळात मी एक हिशोब केला होता आणि तो तुम्हाला दाखवायला लाजत होते. 'टॉप' या कमांडमध्ये प्रत्येक एसएमबीडीपुढे रेस म्हणून, म्हणजे तिने व्यापलेली मेमरी म्हणून, साधारण २० एमबी दिसत होते. अकराशे गुणिले वीस, म्हणजे २२ जीबी. ८ जीबीच्या मशीनमध्ये २२ जीबी मावली कशी? तुम्ही हिशोब बघून खूश झालात, कारण म्हणे बरेच जण हा गुणाकारच करत नाहीत. मग तुम्ही ठाण्याच्या माणसाला कळेल असं सांगितलंत. हा सुपर बिल्ट-अपचा आकडा आहे. बिल्डिंगचा जिना एकच, पण प्रत्येक फ्लॅटवाला तो पूर्ण आपल्या क्षेत्रफळात धरतो. सगळ्या एसएमबीडींना सांबाची लायब्ररी एकच आणि सामाईक, पण प्रत्येकीच्या नावावर ती अख्खी दिसते. जिना सगळ्यांत वाटून मोजायचा असेल तर पीएसएस नावाचा वेगळा आकडा बघायचा. तो निघाला प्रत्येकी ६ एमबीच्या आसपास. अकराशे गुणिले सहा, साडेसहा जीबी. आठातून ते गेले की मागे राहतं काय!

आणि त्या मुलीची फाइल सुटली त्या शुक्रवारचा उलगडाही तेव्हाच झाला. मेमरी खरंच संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साधारणपणे सगळ्यात मोठी जागा अडवून बसलेल्या प्रोसेसचा बळी देतं. झेरॉक्सच्या जोडण्या एकेकट्या बघाव्यात तर चिल्लर. सगळ्यात मोठी होती ती खरं काम करणारी, त्या मुलीच्या फाइलींची. पंगतीत अकराशे फुकटे बसले होते आणि उठवलं कुणाला, तर वाढणारीला.

दुरुस्ती मात्र एका ओळीची निघाली. सांबाच्या कॉन्फिगमध्ये 'डेडटाइम = ०' असं लिहिलेलं होतं, म्हणजे कितीही वेळ रिकामी बसलेली जोडणी तोडायची नाही. ती ओळ, आणि नेटवर्कच्या बफरचे आकडे ठोकून बसवणारी दुसरी एक, मीच कधीतरी कुठल्याशा जुन्या लेखातून उतरवली होती, 'सर्व्हर फास्ट करा' अशा मथळ्याखालून. तुम्ही दुसरी ओळ काढलीत आणि पहिलीत शून्याच्या जागी १५ केलेत, म्हणजे पंधरा मिनिटं. मला आधीच सांगून ठेवलंत की ज्या जोडणीवर फाइल उघडी आहे तिला हे हात लावत नाही, आणि विंडोजची जोडणी तुटलीच तर ते मागितल्याबरोबर स्वतःच पुन्हा जोडून घेतं. कॉन्फिग तपासायच्या 'टेस्टपार्म' कमांडने तपासलं, सर्व्हर बंद न करता कॉन्फिग पुन्हा वाचायला लावलं. मग आपण चहा घेतला. पाव तासाने अकराशेचे सोळा झाले होते. चहा अजून संपलाही नव्हता, कारण तुम्ही त्यात तिसरं बिस्किट बुडवत होतात आणि ते पडलं.

रॅमचं कोटेशन मी तुम्हाला दाखवलं तेव्हा म्हणालात, "घेतली असती तर चौथ्याऐवजी आठव्या-नवव्या दिवशी अडलं असतं. दिवाळी पार पडली असती कदाचित. मग कळलंच नसतं." झेरॉक्सवाल्या कंपनीचा इंजिनीअर फोनवर अजूनही "आमच्या मशीनचा प्रॉब्लेम नाही" यावर ठाम आहे. मी वहीतल्या पानाचा फोटो पाठवलाय. निळ्या बरोबरच्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही मामलेदारच्या मिसळीवर भागवलंत, तीही तिखट कमी सांगून, हे मात्र ठाणेकर म्हणून मला सहन होणं कठीण गेलं. महापेला रात्रभर लोकांचे शेकडो सर्व्हर सांभाळून आलेला माणूस पोटमाळ्यावरच्या एका धुळीने माखलेल्या डब्यासाठी पाच दिवस सकाळची झोप मोडतो, आणि त्यात एकदाही मला "हे तुम्ही कशाला केलंत?" असं विचारत नाही. ती डेडटाइमची ओळ माझी होती हे कळल्यावर तुम्ही फक्त "होतं असं, मीही लावायचो पूर्वी" म्हणालात. ते खरं होतं की माझी समजूत काढायला, ते मी विचारणार नाही.

अंक वेळेवर गेले. त्या मुलीचा फॉर्म सगळ्यात आधी प्लेटला गेला. सर्व्हर तेव्हापासून रीस्टार्ट केलेला नाही आणि एसएमबीडी वीसच्या पुढे गेलेले मी पाहिलेले नाहीत. रोज सकाळी बघते, सवय लागली. छापून आलेल्या अंकांचा एक एक संच वहिनींकडे दिलाय, पाच दिवसांच्या झोपेचा हिशोब त्यांच्याशीही करायला हवा होता.

आणि दादा, ती लाल वही सोमवारी तुमच्याबरोबर वर गेली ती अजून खाली आलेली नाही. आकड्यांची पानं तुम्ही ठेवून घ्या, पण वही पाठवा. मागच्या बाजूने कागदवाल्याची उधारी लिहिलेली आहे, आणि तो कालच येऊन गेला.

आपली,
तळमजल्यावरची ताई