राखाडी घोड्यांच्या रेजिमेंटनिमित्त आभार

आदरणीय ज्येष्ठ स्नेही यांस,
सप्रेम नमस्कार.

१८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर चढाई करणाऱ्या 'स्कॉट्स ग्रेज' या ब्रिटिश घोडदळ रेजिमेंटच्या २८ मिलिमीटर मापाच्या प्रतिकृती अखेर रंगवून झाल्या. त्यात आपला वाटा किती मोठा आहे, हे चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

नोकरीतून रात्री जो थोडा वेळ उरतो, तेवढ्यात अख्खे घोडदळ उभे करायचे म्हणजे तांबडे कोट आणि निळ्या कॉलरी भराभर उरकायच्या, असा माझा बेत होता. आपण मात्र स्वारांना बाजूला ठेवून आधी घोडे हाती घ्यायला लावलेत. राखाडी घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर उजळत जातो. म्हणून एकाच रांगेत काळसर, ठिपकेदार आणि जवळजवळ शुभ्र असे घोडे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, आणि शुभ्र घोड्याचीही कातडी मुळात काळी असल्याने त्याच्या नाकपुड्या व ओठ गडदच राहिले पाहिजेत, हे आपण इतक्या बारकाईने समजावलेत की पुढे प्रत्येक घोड्यासाठी राखाडी रंग वेगळा कालवणे मला कंटाळवाणे वाटेनासे झाले. निव्वळ पांढरा रंग अगदी शेवटी, तोही आयाळीच्या व स्नायूंच्या उंचवट्यांवरच लावायचा, हा आपला दंडक मी कसोशीने पाळला.

स्वार बुचावर चिकटवून स्वतंत्रपणे रंगवण्याची आपली सूचनाही तितकीच मोलाची ठरली, कारण एरवी खोगिराच्या कडेला आणि मांडीच्या आतल्या बाजूला ब्रश पोहोचतच नाही. रिकिबी रंगवण्यात वेळ दवडू नये, त्या हातभर अंतरावरून दिसत नाहीत, हे आपले मत मात्र मला अजूनही मान्य नाही.

मी पाठवलेल्या प्रत्येक छायाचित्रावर खुणा करून ते परत पाठवण्याचे कष्ट आपण कोणत्याही मोबदल्याविना घेतलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

स्कॉट्स ग्रेज ज्या ब्रिगेडमध्ये लढली, तिच्यावर उलटा हल्ला चढवणाऱ्या फ्रेंच भालाइतांची रेजिमेंट आता हाती घेत आहे. त्यांच्या तुतारीवाल्यांचे घोडे परंपरेने राखाडी असत, त्यामुळे कालवलेला रंग वाया जाणार नाही. त्यांची छायाचित्रे येतील तेव्हा खुणा करताना आपण पूर्वीइतकेच कठोर राहावे, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
एक हौशी रंगकर्मी